पिल्लं निघाली की जाते

काशीबाईंच्या घरात सून आली ती एकटी आली नाही. तिच्याबरोबर अकरा वर्षांची मुलगी आली, शिलाईचं मशीन आलं, एक काळी कोंबडी आली आणि एक सासू आली. हे शेवटचं ऐकून कुणाचा गोंधळ झाला तर त्याचा दोष नाही. महाडच्या अख्ख्या बौद्धवाडीचा झाला होता.

झालं होतं असं. काशीबाईंचा प्रितम वीर स्टेशनावरून महाडात रिक्षा चालवतो. पस्तिशी उलटली तरी लग्नाचं नाव काढायचा नाही. मुली दाखवून दाखवून काशीबाईंच्या चपला झिजल्या. मग एक दिवस जेवताना त्याने सांगितलं की पोलादपूरला कचेरीत क्लार्क आहे, शर्मिला तिचं नाव, चार वर्षांमागे नवरा आजारात गेला, एक मुलगी आहे. काशीबाईंनी घास गिळला, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "मुलगी असू दे. घरात आवाज व्हईल जरा."

जे सांगायचं राहिलं होतं ते प्रितमने विहारात, वंदना होऊन हार घालून झाल्यावर, आईच्या तोंडात लाडू असताना सांगितलं. शर्मिलाच्या मेलेल्या नवऱ्याची आई, बनुबाई, तिला दुसरं कुणी नाही. शर्मिलाने आधीच अट घातली होती की मी येईन तर अनुष्काची आजी पण येईल. आणि या दिवट्याने तिथल्या तिथे हो म्हणून टाकलं होतं. तोंडात लाडू असताना माणसाला भांडता येत नाही, एवढी अक्कल त्याला रिक्षा चालवून आलेली होती.

दुसऱ्याच दिवशी शेजारच्या सारिकाने कुंपणावरून मान काढली. "ही म्हातारी कोन गो काकी?"

"सुनेची सासू," काशीबाई म्हणाल्या.

"मंग तू कोन?"

काशीबाईंनी जरा विचार केला. "मी पन तीच."

सारिका इतकी हसली की तिच्या कमरेवरची कळशी हिंदकळून साडी भिजली. काशीबाईंना राग आला. ओटीवर बसून तांदूळ निवडणाऱ्या बनुबाईंनी हे ऐकलं, आणि मान वर न करता त्या निवडतच राहिल्या.

बनुबाई पोलादपूरच्या वरच्या अंगाला, आंबेनळी घाटाच्या बाजूच्या एका वाडीतल्या. उंच, हाडकुळ्या, बोलणं कमी आणि बोलल्या की टाचणी टोचल्यासारखं. आल्या त्या दिवशी त्यांनी आपलं गाठोडं बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात ठेवलं आणि जाहीर केलं, "मी काय, चार दिवसांची पाहुनी." याला सहा महिने झाले. गाठोडं तिथंच, बांधलेलं. काशीबाईंना जाता येता ते दिसायचं आणि डोक्यात तिडीक जायची. पाहुणी म्हणवते आणि चूल अडवून बसते, असं त्या मनातल्या मनात म्हणायच्या. कधी कधी मनाबाहेरही.

भांडायला कारण लागत नव्हतं. काशीबाई उकड काढून भाकरी करायच्या, बनुबाईंना ती लहान पोरांचा खेळ वाटायचा. बनुबाई सुक्या बोंबलांत कोकम टाकायच्या, काशीबाईंना तो बोंबलांचा अपमान वाटायचा. शर्मिलाने आतून "आई" अशी हाक मारली की दोघी एकदम "काय गो" म्हणायच्या आणि मग एकमेकींकडे अशा बघायच्या की शर्मिला काय हवं होतं तेच विसरायची. अनुष्का बनुबाईंना आजी म्हणायची आणि काशीबाईंना नवी आजी. पासष्टीत आपल्याला कुणी नवी म्हणेल असं काशीबाईंना स्वप्नातही वाटलं नव्हतं.

सगळ्यात मोठं युद्ध चहावरून झालं. काशीबाईंनी मोरीमागे गवती चहाचं बेट लावलं होतं आणि त्याच्या दोन पाती मोडून टाकल्याशिवाय त्यांचा चहा उकळायचाच नाही. बनुबाईंनी पहिला घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "गवत गुरांनी खावं," त्या म्हणाल्या. तेव्हापासून त्या घरात दोन पातेल्यांत दोन चहा होऊ लागले, एक गवताचा, एक आल्याचा. प्रितमला दोन्ही प्यावे लागत, कारण एक नाकारला तर दिवसभर त्याच्याशी कुणीतरी बोलत नसे.

एका बाबतीत मात्र दोघींचं न बोलता जमलं होतं. घर दोनच खोल्यांचं. आतल्या खोलीत नवं जोडपं, बाहेर दोन म्हाताऱ्या आणि मधे अनुष्का. जेवणं उरकली की दोघी पाठ टेकायच्या आणि लगेच घोरायला लागायच्या. काशीबाई मुद्दाम घोरायच्या, पोरांना मोकळं वाटावं म्हणून. सकाळी त्या तक्रार करायच्या की बनुबाईंच्या घोरण्याने झोप लागत नाही. बनुबाई पण तीच तक्रार करायच्या. बनुबाईसुद्धा जाग्याच असतात हे काशीबाईंच्या बऱ्याच दिवसांनी लक्षात आलं, पण त्या काही बोलल्या नाहीत. तसंच सकाळी प्रितम शर्मिलाला पोलादपूरच्या एसटीसाठी स्टँडवर सोडायचा तेव्हा सरळ रस्ता सोडून चवदार तळ्याला वळसा घालून जायचा. वाडीतल्या एकदोघांनी हे काशीबाईंच्या कानावर घातलं. काशीबाई म्हणाल्या, सरळ रस्त्यावर खड्डे आहेत.

मग थंडीच्या सुरुवातीला बनुबाई भाचीच्या बाळाचं नाव ठेवायला गावी गेल्या. काशीबाईंनी पाय पसरून बसून घेतलं. चूल आपली, टीव्ही आपला, घर आपलं. दुपारी उकडीच्या भाकऱ्या थापल्या, छान फुगल्या, आणि त्यांना नावं ठेवायला कुणी नव्हतं. टीव्हीवरच्या मालिकेत सून सासूला उलटं बोलली. काशीबाई म्हणाल्या, "बरोबर केलं पोरीनं." टीव्ही काही म्हणाला नाही. बनुबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, काय बरोबर केलं, आणि संध्याकाळ कशी गेली असती ते कळलं नसतं. प्रितमचे वडील गेल्यापासून इतकी वर्षं दिवसभर त्या एकट्याच होत्या, पण एकटं म्हणजे काय असतं ते त्यांना त्या आठवड्यात पहिल्यांदा नीट कळलं. त्याचाही त्यांना रागच आला.

बनुबाई परत आल्या आणि संध्याकाळी सगळे जेवायला बसल्यावर म्हणाल्या, "तिकडं कौलं सरकली हायत. घर बंद ऱ्हायलं तर पडंल. माझी कोंबडी खुडूक झालीय, तिला अंड्यांवर बसवते. पिल्लं निघाली की जाते."

शर्मिलाचा हात ताटातच थांबला. "का पण आई? इथे काय कमी आहे?"

"कमी काय नाय. तुझा संसार लागला, आता माझं काय काम? लोक इचारतात, ही कोन. उत्तर नसलेल्या मानसानं किती दिस ऱ्हावं?"

काशीबाईंना कुंपण, सारिका आणि तांदूळ निवडणारे ते हात आठवले. आता त्यांनी नुसतं 'नका जाऊ' म्हटलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण सहा महिने ज्या बाईशी बोंबलावरून भांडलो तिला तोंडाने 'रहा' म्हणणं काशीबाईंच्या जिभेला जमणारं नव्हतं. त्या म्हणाल्या, "कोंबडीला कोपऱ्यात बसवा. वाटंत नको."

प्रितमने त्या बोलण्याकडे लक्षच दिलं नाही. बनुबाई पहिल्या दिवसापासून जाते जाते म्हणत होत्या, त्यात नवं काय.

काशीबाई मात्र ओटीवर बसून विचार करत होत्या. कोंबडीला बसवलं की तीन आठवड्यांत पिल्लं. पिल्लं निघाली की ही जाणार. म्हणजे पिल्लं निघता कामा नयेत. तेवढ्यात त्यांना बाजारातला एक अंडीवाला आठवला. त्याने मागे एकदा पोल्ट्रीची पांढरी अंडी चहाच्या पाण्यात बुडवून गावठी म्हणून त्यांच्या गळ्यात मारली होती, आणि काशीबाईंनी भर बाजारात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. पोल्ट्रीच्या अंड्यातून काही पिल्लू निघत नाही. त्या माणसाबद्दल आज प्रथमच त्यांना आदर वाटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बनुबाई कपडे घेऊन नदीवर गेल्या. काशीबाईंनी दुकानातून लहानात लहान पांढरी अंडी आणली, सकाळचा उरलेला चहा पातेल्यात गार झालेला होताच, त्यात ती बुडवली, वाळवली, आणि कोंबडीच्या टोपलीत हात घातला. खुडूक कोंबडी म्हणजे काय ते कोंबड्या पाळलेल्यालाच ठाऊक. तिने काशीबाईंच्या मनगटाचा लचकाच तोडला. पण काशीबाई मागे हटल्या नाहीत. अंडी बदलली गेली.

आता खरी अंडी लपवायची कुठे? काशीबाईंनी त्यांचा रस्सा केला.

"हाताला काय झालं?" वाढताना बनुबाईंनी विचारलं.

"विळी लागली."

बनुबाईंनी रश्श्यातलं अंडं फोडलं. आतला बलक चांगला केशरी होता. "गावठी दिसतायत."

"बाजारात मिळाली. मिळतात कवा कवा."

"चव हाय," बनुबाई म्हणाल्या, आणि त्यांनी आणखी एक मागून घेतलं. आपल्याच कोंबडीची अंडी. काशीबाईंना हसू दाबता दाबता ठसका लागला.

दिवस जात राहिले. कोंबडी बसलेली. बनुबाई रोज तिला दाणा टाकायच्या, टोपलीत डोकावायच्या, आणि कोपऱ्यातलं गाठोडं तसंच. तीन आठवडे झाले, वर आणखी दिवस गेले. टोपलीतून चूं नाही की चां नाही.

"नवी जागा हाय," बनुबाई म्हणाल्या. "उशीर व्हनार."

"थंडी पन हाय," काशीबाई गंभीरपणे म्हणाल्या. "यंदा थंडी लई."

"थंडीनं थांबतात पिल्लं."

"थांबतात तर. आमच्याकडं एकदा महिनाभर थांबली होती."

दोघीही जन्मभर कोंबड्या पाळलेल्या. दोघींपैकी कुणीही हसलं नाही.

काळी कोंबडी मात्र वाळत चालली होती. अनुष्का शाळेतून आली की तिच्याशेजारी बसून राहायची. एकदा ती प्रितमच्या रिक्षात पुढच्या सीटवर अंग चोरून बसून बराच वेळ काहीतरी बोलत होती आणि प्रितम मान हलवत होता. काशीबाईंनी ते दारातून पाहिलं. पोरगी त्याच्याशी एवढं बोलायला लागली याचंच त्यांना बरं वाटलं, बाकी काही डोक्यात आलं नाही.

आणि एका रविवारी सकाळी टोपलीतून चिवचिवाट ऐकू आला.

काशीबाई भाकरी तव्यावर टाकून धावल्या. बनुबाई आधीच पोचल्या होत्या. काळ्या कोंबडीच्या पंखाखालून पिवळीधमक पिल्लं बाहेर डोकावत होती. सगळी एकसारखी, एकाच रंगाची, गावठी पिल्लांत कधी दिसत नाहीत तशी. अंडी ठेवली होती त्याहून पिल्लं जास्त होती. टोपलीत एक टरफल नव्हतं.

दोघी बघत राहिल्या. आत भाकरी करपल्याचा वास सुटला.

"निघाली," बनुबाई म्हणाल्या.

"निघाली," काशीबाई म्हणाल्या.

आणखी बोलायची सोय नव्हती. ही पिल्लं या अंड्यांतली नाहीत असं काशीबाईंनी म्हटलं असतं, तर लगेच प्रश्न आला असता की तुम्हाला कसं ठाऊक. त्या चुलीपाशी जाऊन बसल्या आणि करपलेली भाकरी खरवडू लागल्या. आणि खरवडता खरवडता त्यांना सगळं लख्ख दिसलं. बनुबाईंनीच आणून सोडली पिल्लं. जायची इतकी घाई झाली होती त्यांना. कोंबडी अडवून धरते म्हटल्यावर विकतची पिल्लं आणली, पण जाणार म्हणजे जाणार. सहा महिने एका चुलीवर काढून बाईला इथे करमत नव्हतं. काशीबाईंना रडू आलं. कांदा जवळ नव्हता म्हणून त्यांनी आधी कांदा घेतला.

बाहेर बनुबाईंनी बांधाबांध केली नाही, गाठोडं बांधलेलंच होतं. त्यांनी कोंबडीची टोपली फडक्याने झाकली, चपला घातल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "प्रितम, रिक्षा काढ. पोलादपूरला सोड मला."

प्रितम दात घासत होता, तो तसाच फेसाळल्या तोंडाने उभा राहिला. शर्मिला आतून आली आणि रडायला लागली. अनुष्काने आजीची चप्पल धरून ठेवली. "आजी, पिल्लं एवढी लहान आहेत. एसटीतून नाही नेता येत. मोठी होईपर्यंत राहायचं असतं."

"रिक्षातनं नेते," बनुबाई म्हणाल्या. त्यांनी एकदा स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथून कुणी बाहेर आलं नाही. मग त्या उंबऱ्याकडे वळल्या.

तेव्हा काशीबाई उठल्या. एका हातात कांदा, एका हातात विळी, अशा त्या दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"बनुबाय, त्या अंड्यांतून पिल्लं निघूच शकत नाय."

"म्हाईत हाय मला."

"कसं म्हाईत? पोल्ट्रीची हायत ती. मी बदलली. चहात बुडवून मी ठेवली." एवढं बोलून काशीबाईंना दम लागला.

"पयल्या दिसापासनं म्हाईत हाय," बनुबाई म्हणाल्या. "अंड्यांना गवती चहाचा वास येत होता. या घरात गवताचा चहा कोन करतं?"

टोपलीत पिल्लं चिवचिवत होती.

"तो अंड्यांचा रस्सा..." काशीबाई पुटपुटल्या.

"माझ्याच कोंबडीची अंडी वळखू नाय मी? म्हनून तर दुसरं मागून घेतलं." बनुबाईंचा आवाज आता हलला. "माझं लेकरू गेलं, मंग मला वाटलं, आता जगात कुनाला आपली गरज नाय. शर्मिला घेऊन आली ती तिच्या चांगुलपनानं. पन एवढी भांडकुदळ बाय कोंबडीकडनं हात फोडून घेते, अंडी रंगवते, मी जाऊ नये म्हनून... मी गप बसले. म्हटलं, ही रंगवंल तवर आपन ऱ्हावं. आन आज बघते तर पिल्लं. म्हटलं, कंटाळली ही. विकत आनून सोडली, जा म्हनून."

"मी सोडली?" काशीबाईंनी विळी खाली ठेवली. "मला वाटलं तूच सोडलीस, जायची घाई म्हनून."

"मला कुठं घाई?"

मग दोघी म्हाताऱ्या एकदम वळल्या. प्रितमने चूळ भरायचं निमित्त करून मोरीकडे पाय उचलला होता, पण अनुष्का मधे उभी होती आणि तिला खोटं बोलायची सवय नव्हती.

"काकांनी आणली बाजारातून. मीच सांगितलं," ती म्हणाली. "अंडी फुटतच नव्हती. मला वाटलं आजी कंटाळून अशीच निघून जाईल. लहान पिल्लं असली की कुठे जाता येत नाही, मग ती मोठी होईपर्यंत आजी राहील."

"आन अंडी?" बनुबाईंनी विचारलं.

"उकिरड्यावर पुरली," प्रितम म्हणाला. "एक फुटलं हातात. मावशी, काय वास होता, टेन्शन आलं मला."

शर्मिला रडता रडताच हसायला लागली आणि तिला दोन्ही एकदम आवरेनात. कुंपणावर सारिकाची मान कधीची आली होती. "काय झालं गो काकी? ही कुठं चालली, तुझ्या सुनेची..."

"कुठं नाय चालली," काशीबाई म्हणाल्या. "घरातली बाय हाय ती, घरातच ऱ्हानार. आन परत इचारलंस ही कोन, तर कुंपन उंच बांधीन मी." सारिकाची मान खाली गेली.

काशीबाईंनी बनुबाईंच्या हातातली टोपली काढून घेतली आणि अनुष्काकडे दिली. मग कुणी विचार बदलायच्या आत गाठोडं उचललं. ते इतकं हलकं होतं की त्यांचा तोल गेला. सहा महिने डोळ्यांत खुपलेलं ते गाठोडं, त्याची गाठ त्यांनी तिथेच ओटीवर बसून सोडली. आत एक उशी होती. बाकी काही नाही.

"आन तुझी लुगडी कुठं हायत गो?"

"शर्मिलाच्या कपाटात. कवाच ठेवली."

"मंग हे कशाला बांधून ठेवलंस?"

बनुबाईंनी चपला काढल्या आणि त्या ओटीवर काशीबाईंच्या शेजारी बसल्या. "कुनीतरी कधीतरी सोडंल म्हनून."

"आन आज नसतं सोडलं तर?"

"तर उशी घेऊन गेले असते."

काशीबाईंनी ती उशी उचलली, दोनदा झटकली, उजेडात धरून उलटीसुलटी केली.

"लई पातळ हाय," त्या म्हणाल्या. "कापूस भरायला पायजे."